गीत आधी, मरण नंतर

शाहिराच्या मृत्यूची वार्ता त्याच्या गीताआधी श्रोत्याच्या कानी पडली, तर त्या गीताचा आस्वाद कितपत निर्दोष राहतो? विलास घोगरे यांच्या गायनाचा विचार करताना हा प्रश्न टाळता येत नाही. घोगरे हे मुंबईच्या कष्टकरी वस्तीतले कवी. गीत स्वतः रचावे आणि स्वतःच गावे, ही त्यांची रीत. त्यांचा आवाज आपणापर्यंत मुख्यतः आनंद पटवर्धन यांच्या दोन अनुबोधपटांतून पोहोचला आहे. ‘हमारा शहर’ हा १९८५ सालचा, ‘जय भीम कॉमरेड’ हा २०११ सालचा. दोहोंच्या मध्ये ११ जुलै १९९७ हा दिवस येतो. त्या दिवशी घाटकोपरच्या रमाबाई नगरात, डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याच्या विटंबनेने क्षुब्ध होऊन जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला व दहा माणसे मृत्युमुखी पडली. चारच दिवसांनी घोगरे यांनी आत्महत्या केली.

तेव्हापासून त्यांचे जुने गीतही या मृत्यूची पूर्वसूचना म्हणून ऐकण्याचा प्रघात पडला आहे. हा प्रघात मला सदोष वाटतो.

‘हमारा शहर’मधील ते गीत हिंदीत आहे; निरनिराळ्या प्रांतांतून मुंबईस आलेल्या मजुरांना ती भाषा समजते. कीर्तनकाराने अथवा पोवाडा गाणाऱ्याने सभेला साद घालावी, तशी साद घालून ते श्रोत्यांना कष्टकऱ्याची कहाणी जवळ येऊन ऐकावयास सांगते. त्यात करुणरस आहे खरा; परंतु त्याचा आलंबनविभाव कवी नव्हे, तर ज्यांच्या झोपड्या पाडल्या जात आहेत ती माणसे होत. एकाकी मनाचा विलाप आणि हे गाणे यांत मूलतः भेद आहे.

हा भेद एका परदेशी उदाहरणाने स्पष्ट होईल. इंग्लंडचा गायक-कवी निक ड्रेक याची ‘पिंक मून’ ही ध्वनिमुद्रिका १९७२ साली निघाली. अवघी अठ्ठावीस मिनिटांची. एक आवाज, एक गिटार आणि एका गीतात थोडासा पियानो. त्या वेळी तिला ग्राहक फारसा लाभला नाही. १९७४ साली ड्रेक वयाच्या सव्विसाव्या वर्षी वारला. पुढे तिची कीर्ती झाली, तेव्हा रसिकांनी तिच्यात ओळीओळीतून मृत्यूच शोधला. तेथे कवी निदान स्वतःशी बोलतो, म्हणून ती चूक क्षम्य म्हणता येईल. घोगरे लोकांशी बोलतात. तेथे ती अक्षम्य होय.

या चुकीचा अपराधी मीही आहे. आमच्या आदिलाबादच्या शाळेत मी हे गीत वरच्या एका वर्गाला ऐकविले. आधी कवीचा अंत सांगितला. मुले माना खाली घालून बसली. कोणी काही विचारले नाही. दुसऱ्या तुकडीस काहीही न सांगता तेच गीत ऐकविले. संपताच एका मुलाने विचारले, “सर, घरं पाडल्यावर ती माणसं गेली कुठं?” ज्या जिल्ह्यात इंद्रवेल्लीस २० एप्रिल १९८१ रोजी जमिनीसाठी जमलेल्या गोंडांवर गोळ्या झाडल्या गेल्या, तेथल्या मुलास हा प्रश्न पुस्तकातून शिकावा लागत नाही. गीताला हाच प्रश्न हवा होता. पहिल्या वर्गात तो माझ्या प्रस्तावनेने बुडविला.

‘जय भीम कॉमरेड’ या दोषापासून सर्वस्वी मुक्त आहे, असे म्हणता येणार नाही. मृत्यू त्याच्या आरंभाशीच असल्याने प्रेक्षक घोगरे यांना शोकाकुल मनानेच ऐकतो. तथापि दिग्दर्शक तेथे थांबत नाही. चौदा वर्षांच्या चित्रणात तो संभाजी भगत, कबीर कला मंच अशा पुढच्या गायकांकडे जातो, आणि घोगरे यांचा स्वर एका जित्या परंपरेतला एक स्वर म्हणून पुन्हा ऐकू येऊ लागतो. चित्रपटाचे खरे श्रेय या उत्तरार्धात आहे.

मृत्यूचा उच्चार करूच नये, असे माझे म्हणणे नाही. रमाबाई नगर विसरणे हा दुसरा अन्याय ठरेल. मात्र ‘हमारा शहर’मधील गीत त्या घटनेच्या बारा वर्षे आधीचे आहे, हे ध्यानात ठेवून प्रथम गीत ऐकावे, मरणाची हकीकत नंतर सांगावी. यंदापासून वर्गात मी हाच क्रम पाळणार आहे.