गुणा, मुकुंदा आणि पडद्यावरचं वय

कादंबरीवर चित्रपट येतोय म्हटलं की वाचक आधी विचारतो, ‘काम कोण करतंय?’ मला हा प्रश्न अगदी रास्त वाटतो. लेखकाने पानोपानी उभा केलेला माणूस पडद्यावर पहिल्याच दृश्यात एका देहात बांधला जातो. तो देह चुकला तर चांगली पटकथाही फार काही वाचवू शकत नाही. मराठीत मात्र अलीकडे बऱ्याचदा आधी नाव ठरतं आणि वय, बोली, अंगकाठी यांचा विचार मागाहून होतो.

‘नटरंग’ (२०१०) पुन्हा पाहा. आनंद यादवांच्या गुणाची शोकांतिका त्याच्या शरीरातच घडते. हा रांगडा शेतमजूर तमाशाच्या वेडापायी फड उभा करतो आणि नाच्या मिळेना म्हणून स्वतःच नाच्या होतो. दिग्दर्शक रवी जाधवांनी ही भूमिका अतुल कुलकर्णींना दिली. त्यांनी आधी पैलवानी अंग कमावलं, मग नाच्यासाठी ते उतरवलं. त्यामुळे गुणा कंबर लचकवतो तेव्हा आपली नजर त्याच्या खांद्यांवर जाते, कारण काही वेळापूर्वी ते कसे होते हे आपण पाहिलेलं असतं. नुसत्या रंगभूषेने हे साधलं नसतं.

याचा अर्थ त्या मातीतलाच नट हवा, असा हट्ट नाही. गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरच्या ‘जैत रे जैत’मध्ये (१९७७) ठाकरांचा नाग्या साकारणारे मोहन आगाशे पेशाने मनोविकारतज्ज्ञ, आणि चिंधी झालेल्या स्मिता पाटील मुंबई दूरदर्शनवर बातम्या वाचलेल्या. तरी ती चिंधी डोंगरातलीच वाटते. तिच्या चालण्यात, उभं राहण्यात कुठे शहर डोकावत नाही.

वयाचं मात्र तसं नाही. मिलिंद बोकिलांच्या ‘शाळा’साठी सुजय डहाके यांनी खरोखरच कोवळी पोरं घेतली. अंशुमन जोशीचा मुकुंदा शाळेतल्या शिरोडकर या मुलीकडे बघतो तेव्हा त्याला आपल्याला नेमकं काय होतंय हेच धड कळलेलं नसतं. ते न कळणं मोठ्या नटाला ‘करावं’ लागलं असतं. उलट ‘दुनियादारी’त (२०१३) कॉलेजात शिकणारा श्रेयस झाला पस्तिशीतला स्वप्नील जोशी. चित्रपट तुफान चालला, स्वप्नीलच्या कामातही खोट नाही. पण सुहास शिरवळकरांच्या मूळ कादंबरीतली कट्ट्यावरची पोरं चुकतात ती अडनिड्या वयामुळे. तेच वय गेल्यावर त्यांच्या चुका नुसत्या स्टाइलच्या वाटू लागतात. गल्ल्याने ही उणीव भरून निघत नाही.

नव्या चेहऱ्यावर प्रेक्षक येत नाहीत, हे निर्मात्यांचं म्हणणं ‘सैराट’ने (२०१६) खोटं पाडलं. अकलूजच्या रिंकू राजगुरूची बोली अख्ख्या महाराष्ट्राने उचलली. ती कथा कादंबरीची नव्हती, पण निवडीची ही हिंमत कादंबऱ्यांच्या वाट्याला फारशी आलेली नाही.

उद्या कुणी ‘कोसला’ कादंबरीला हात घातला, तर खानदेशातून पुण्याला शिकायला आलेला पांडुरंग सांगवीकर पंचविशीचाच असू द्या. तो जळगाव-धुळ्याच्या महाविद्यालयांत शोधा, एकांकिका स्पर्धांत शोधा. पोस्टरवर कुणाचं नाव टाकायचं, ते त्यानंतर ठरवा.