राडारोड्याचे रसग्रहण

परीक्षण कशाचेही करता येते, अशी माझी पंचवीस वर्षांची श्रद्धा आहे. एका मासिकासाठी मी दरमहा दोन पुस्तके वाचून (खरे म्हणजे दीडच, दुसऱ्याची प्रस्तावना चाळली की भागते) त्यांच्यावर मत देत आलो. त्यामुळे केंद्र सरकारचे २०१६ सालचे बांधकाम व पाडकाम कचऱ्याचे नियम हाती आले, तेव्हाही मी सवयीने पेन्सिल घेऊनच बसलो.

हा ग्रंथ मी हौसेने वाचला, असे मात्र कोणी समजू नये. तो आमच्या दिवाणखान्याच्या छताने माझ्यावर लादला. २०११ साली शेजारी फॉल्स सीलिंग झाले, म्हणून आमच्याकडेही झाले. कडेने जिप्सम बोर्ड, मधोमध पीओपीचे परातीएवढे कमळ आणि त्याला हिच्या पसंतीचा अबोली रंग. २०२३ च्या पावसाळ्यात वरच्या मजल्यावरच्या न्हाणीघराने या कमळाला रोज नियमाने पाणी घातले. कमळ पाण्यात वाढते हे खरे, पण पीओपीचे वाढत नाही. गणपतीच्या आधी सगळे छत उतरवावे लागले.

खाली आलेला ढीग पाहून मी ठेकेदाराला विचारले, "हे टाकणार कुठे?"

"काका, ते माझ्यावर सोडा. टेम्पोचे बाराशे होतील."

"पण कुठे?"

"काका, छत पाहिजे होतं, लावून दिलं. नको झालं, काढून दिलं. आता त्याचा पत्ता कशाला पाहिजे तुम्हाला?"

मी बाराशे दिले. माझे नागरिकशास्त्र तेवढ्यातच आटोपले.

आठ दिवसांनी आम्ही दोघे नदीकाठाने फिरायला गेलो होतो. मुठेच्या काठी राडारोड्याचा ढीग दिसणे ही पुण्यात बातमी नव्हे. पण ही एकदम थबकली.

"अहो, ही पाकळी ओळखीची वाटते."

"कमळं काय, घरोघरी असतात."

"अबोली?"

मी पुढे चालू लागलो. पीओपीच्या मूर्ती नदीत नकोत, म्हणून याच इसमाने वर्तमानपत्राला एक खरमरीत पत्र लिहिले होते. ते छापूनही आले होते. आणि आता आमच्या घरच्या कमळाचे विसर्जन रात्री कधीतरी, ताशाशिवाय, होऊन गेले होते.

त्या रात्री मी नियम उघडले. हेतू उदात्त आहे, असे परीक्षणाच्या सुरुवातीला लिहायची पद्धत आहे; इथे ते खरेही आहे. घरदुरुस्तीचा कचराही त्यात धरलेला आहे, म्हणजे आमचे छत कथानकात होते. पण लेखकाला मोजणीचे वावडे असावे. दिवसाला २० टन किंवा एका प्रकल्पातून महिन्याला ३०० टन कचरा करणाऱ्याने तो चार प्रवाहांत वेगळा करावा, असे सांगून काँक्रीट, माती, पोलाद, लाकूड-प्लास्टिक आणि विटा-मसाला अशी नावे दिली आहेत. मी बोटांवर मोजले, पाच होतात. जोड्या फोडल्या तर सात. जिप्सम मात्र कशातच नाही. माझ्या छताचे वजन सव्वाशे किलोच्या आसपास. वीस टनांच्या पंगतीत बसायचे, तर असले एकशे साठ दिवाणखाने एकाच दिवशी पाडायला हवेत. लहान माणसाला रस्त्यात, गटारात टाकू नका, संकलन केंद्रात पोचवा, एवढेच सांगून लेखक मोठ्या पात्रांकडे वळतो.

खरे तर नायक व्हायची योग्यता जिप्समचीच आहे. सुमारे दीडशे अंशांवर तापवले, की त्यातले पाऊण पाणी उडून प्लास्टर ऑफ पॅरिस होते. पाणी घातले, की पुन्हा जिप्सम. चौऱ्यांशी लक्ष फेरे आपल्याला. जिप्समला दोनच जन्म, पण हवे तितक्या वेळा. कोरडे, वेगळे ठेवले आणि वरचा कागद काढला, तर त्याचे पुन्हा नवे बोर्ड होतात. सिमेंट दळतानाही जिप्सम घालतातच, नाहीतर ते घमेल्यातच दगड होऊन बसेल. पण हाच सज्जन ओल्या, कुजणाऱ्या कचऱ्याखाली हवेवाचून गाडला गेला, की जिवाणू त्यातल्या सल्फेटवर ताव मारतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. थोडा असला तर कुजक्या अंड्यांचा वास. फार झाला तर माणूस दगावतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००९ पासून जिप्समचा कचरा कुजणाऱ्या कचऱ्याबरोबर गाडायला बंदी आहे.

२०२५ साली नवे नियम निघाले, १ एप्रिल २०२६ ही अंमलाची तारीख घेऊन. मी ही आवृत्तीही आशेने उघडली. पुनर्वापराची जबाबदारी आता बांधकाम करणाऱ्याच्या गळ्यात घातली आहे, हे फार चांगले झाले. पण त्यासाठी क्षेत्र हवे २०,००० चौरस मीटर. आमचे घर साडेसहाशे चौरस फूट, तेही जिना धरून.

दरम्यान बेडरूमचेही छत गेले. या खेपेस मी टेम्पोवाल्याला हात जोडले. सहा पोती गॅलरीत आहेत. रंगीत तुकडे एकीकडे, पत्र्याच्या पट्ट्या दुसरीकडे, कागद सुटला तेवढा सोडवलेला. स्क्रू बरणीत. एका ठिकाणी फोन केला, तर त्यांनी विचारले, "किती टन?" मी "सहा पोती" म्हणालो. पलीकडे जरा वेळ शांतता होती, मग फोनच बंद झाला. ढग आले, की पोत्यांवर मेणकापड टाकायला आम्ही धावतो. पूर्वी असे पापडांसाठी धावत होतो.

काल वरच्या मजल्यावरचे गृहस्थ आले. त्यांच्या त्या न्हाणीघराचे काम अखेर निघाले आहे. गॅलरीकडे बघत ते संकोचाने म्हणाले, "तुमच्याकडे सोय आहे म्हणे. आमची दोन पोती ठेवता का?"

मी पेन्सिल काढली. "विटा-मसाला की जिप्सम?"