लिलावाच्या यादीचे गद्य

ग्रंथपरीक्षणासाठी राखलेल्या या पानांत आज आम्हांस एका अशा गद्याचा विचार करावयाचा आहे, की ज्याचा लेखक आपले नाव सहसा सांगत नाही आणि ज्याचा वाचक वाचून झाल्यावर टीकाकाराकडे न वळता थैलीकडे वळतो. लंडन, न्यूयॉर्क, हाँगकाँग येथील मोठ्या लिलावगृहांतून ऐतिहासिक वस्तू विक्रीस निघतात, तेव्हा त्यांच्या सचित्र याद्या प्रसिद्ध होतात. या याद्यांस वाङ्मय म्हणावे की नाही, हा वाद आम्ही घालीत नाही. वस्तूची लांबी-रुंदी, धातू, घडण, डागडुजी यांविषयी त्या इतक्या काटेकोर असतात, की आमच्याकडील कित्येक संग्रहालयांच्या सूचींनी त्यांजपासून धडा घ्यावा. आमचा आक्षेप विशेषणांवर नाही, नामांवर तर नाहीच. तो आहे क्रियापदांवर.

या याद्यांत प्रत्येक वस्तूखाली तिच्या पूर्वमालकांची परंपरा देण्याचा प्रघात आहे. अमक्या सेनापतीकडे, त्याच्याकडून वारसाहक्काने पुत्राकडे, पुढे खाजगी संग्रहात, आता एका सद्गृहस्थाची मालमत्ता, अशी ही वंशावळ सुरळीत उतरत येते. परंतु पहिली पायरी चढताना लेखणी हटकून लंगडते. वस्तू तेथे 'आली', 'लाभली', 'मिळाली'. कोणी कोणाकडून घेतली, हे सांगणारा कर्ता वाक्यातून नाहीसा झालेला असतो. व्याकरणाचा असा सोयीस्कर उपयोग न्यायालयातील वकीलही इतक्या सफाईने करीत नसतील.

श्रीरंगपट्टणचेच उदाहरण घ्या. ४ मे १७९९ रोजी ते पडले आणि टिपू सुलतान मारला गेला. त्याच्या महालातील एक तलवार विजयी सैन्याने मेजर जनरल डेव्हिड बेअर्ड यास अर्पण केली. तीच तलवार २३ मे २०२३ रोजी लंडनच्या बोनहॅम्स येथे एक कोटी चाळीस लाख पौंडांहून अधिक किमतीस गेली. शौर्याबद्दल बक्षीस मिळाले, हे खरेच. पण जे आपले नव्हते ते बक्षीस देणाराने कोणत्या अधिकाराने दिले, हा प्रश्न 'अर्पण' या शब्दाच्या पडद्याआड उभा राहतो. जिंकलेल्या शहरातील लूट मोजून हुद्द्यांप्रमाणे वाटून देण्याची त्या काळी इंग्रजी सैन्यात रीतसर व्यवस्था होती. हिशेब लिहिला गेला, की लुटीला लूट म्हणण्याची गरज उरत नाही.

याहून सूक्ष्म नमुना पिप्रहवा येथील रत्नांचा. जानेवारी १८९८ मध्ये विल्यम क्लॅक्स्टन पेपे या जमीनदाराने तेथील स्तूप खणला, तेव्हा अस्थिपात्रे आणि त्यांजबरोबर शेकडो रत्ने व सुवर्णाचे तुकडे निघाले. एका पात्रावरील ब्राह्मी लेखात या अस्थी शाक्यकुलातील बुद्धाच्या असल्याचा निर्देश आहे. अस्थी सयामच्या राजाकडे गेल्या, बहुतेक रत्ने कलकत्त्याच्या संग्रहालयात, आणि काही भाग पेपे यांजकडे राहू दिला गेला, कारण ती रत्ने 'डुप्लिकेट' ठरविण्यात आली. या एका शब्दावर आम्हांस स्वतंत्र निबंध लिहावासा वाटतो. अस्थींबरोबर कोणी श्रद्धेने ठेवलेल्या दानास दुसरी प्रत असते काय? तेथे एकसारखी दोन फुले ठेवणाराने एकच फूल वाहिले असे ठरवावयाचे की काय? ७ मे २०२५ रोजी हाँगकाँगला ठरलेला या रत्नांचा लिलाव भारत सरकारच्या नोटिशीनंतर थांबला, आणि त्याच वर्षीच्या जुलैत एका भारतीय उद्योगसमूहाच्या खरेदीमुळे ती परत आली.

आता आमच्या घरचा विषय. २९ एप्रिल २०२५ रोजी लंडनच्या सोदबीज येथे महाराष्ट्र शासनाने नागपूरकर भोसल्यांच्या घराण्याचे संस्थापक पहिले रघूजी यांची तलवार मध्यस्थामार्फत सत्तेचाळीस लक्ष पंधरा हजार रुपयांस मिळविली, आणि ऑगस्टात ती मुंबईस पोहोचली. सरळ एकधारी पाते, मुल्हेरी घाटाची मूठ, तीवर सोन्याचे नक्षीकाम, आणि पात्याच्या पाठीवर देवनागरी लेख. या लेखात धन्याचे नाव आहे, 'सेनासाहेबसुभा' हे पद आहे आणि शेवटी 'फिरंग' हा शब्द आहे. पाते युरोपीय घडणीचे आहे हे मराठा दरबाराने लपविले नाही, उलट सोन्याने कोरून ठेवले. (लिलाव हा शब्दही आम्ही पोर्तुगीजांकडूनच घेतला. शस्त्र आणि शस्त्राची विक्री ही दोन्ही एकाच समुद्रमार्गाने आली, हा योगायोग मौजेचा खरा.) दोन-चार शब्दांत मालक, हुद्दा आणि मालाचा उगम सांगणारा हा कोरीव लेख आमच्या मते सर्व याद्यांहून श्रेष्ठ गद्य होय.

ती नागपुराबाहेर गेली कशी? १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर गेली असावी, असा तर्क करण्यात आला आहे. तर्काला बाध येईल असे आम्हांस काही सांगावयाचे नाही. एवढेच सांगावयाचे, की या घराण्यास लिलाव अपरिचित नव्हता. डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघूजी निपुत्रिक वारले, कंपनीने राज्य खालसा केले, आणि भोसल्यांचे हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीवर पुकारून विकले गेले. जडजवाहीर विक्रीसाठी कलकत्त्यास रवाना झाले. ज्या टेकडीखाली राज्य हरले, तेथेच राजाचे हत्ती बोलीवर चढले. पुढे दीडशेहून अधिक वर्षांनी त्याच घराण्याची एक तलवार परत आणण्यासाठी पुन्हा बोलीच करावी लागली. बोली केल्याबद्दल शासनास दोष देणे आम्हांस उचित वाटत नाही. दुसरा मार्ग लांबचा होता आणि हातोडा कोणासाठी थांबत नाही.

परंतु तलवार आली त्या वेळी आमच्याकडे जे लिहिले-बोलले गेले, त्याचेही परीक्षण याच कसोटीने केले पाहिजे. रघूजींनी बंगाल-ओरिसापर्यंत मराठी राज्याचा 'विस्तार केला', असे वाक्य जागोजाग वाचावयास मिळाले. विस्तार! १७४२ पासून भास्करराम कोल्हटकरांच्या नेतृत्वाखाली नागपूरची फौज बंगाल्यात शिरली. १७५१ च्या तहाने ओरिसा आणि दरसाल बारा लक्ष रुपये चौथाई पदरी पडली. मधल्या वर्षांत त्या प्रांतातील खेड्यांचे काय झाले, हे गंगाराम नामक बंगाली कवीने आपल्या 'महाराष्ट्र पुराण' या काव्यात सांगून ठेवले आहे, आणि 'बर्गी' या शब्दाने बंगाली आया अद्यापि मुलांस निजवितात. ज्यांच्या घरी ही फौज गेली, त्यांच्या भाषेत 'विस्तार' हे क्रियापद नाही. श्रीरंगपट्टणच्या 'अर्पण' शब्दावर आम्ही रागावतो, आणि आपल्या शब्दाकडे मात्र डोळेझाक करतो. हे दोन्ही शब्द एकाच टांकसाळीतले आहेत.

तलवार आता संग्रहालयाच्या कपाटात राहील आणि तिच्याजवळ एक पाटी लागेल. ती पाटी लिहिणाराने यादीतील वर्णन उचलून भाषांतर करू नये, एवढी आमची विनंती आहे. पात्याच्या पाठीवरील लेखाचे वाचन प्रथम द्यावे, मग भास्कररामाच्या स्वाऱ्या आणि १७५१ चा तह, मग सीताबर्डी, मग १८५४ मधील त्या घराण्याच्या चीजवस्तूंची विक्री. तलवार कोणाकडे होती हे जेथे ठाऊक नसेल तेथे 'खाजगी संग्रह' असे न लिहिता जागा कोरी सोडावी, आणि शेवटी सत्तेचाळीस लक्ष पंधरा हजार हा आकडाही लिहावा.