चितोडगडावरील स्तंभ : जयस्तंभ कीं कीर्तिस्तंभ ?

मेवाडांतील चितोडगडाचें वर्णन करणारे बहुतेक आधुनिक लेखक महाराणा कुंभाच्या नऊमजली स्तंभास 'जयस्तंभ' म्हणतात, व माळव्याचा सुलतान महमूद खिलजी याच्यावरील विजयाच्या स्मरणार्थ तो उभारला असें सांगतात. इ. स. १८२९-३२ मध्यें प्रसिद्ध झालेल्या टॉडसाहेबांच्या ग्रंथानें ही समजूत दृढ केली. पुढें एकानें लिहावें व दुसऱ्यानें उतरून घ्यावें, असा क्रम चालला. समकालीन लेख उपलब्ध असतां या समजुतीची परीक्षा करणें आम्हांस अवश्य वाटतें.

प्रथम नांवाविषयीं. कुंभाच्या काळच्या लेखांत या वास्तूस 'कीर्तिस्तंभ' म्हटलें आहे. स्तंभाची प्रतिष्ठा वि. सं. १५०५ मधील. त्यावरील प्रशस्ति अत्रि कवीनें आरंभिली व त्याचा पुत्र महेश यानें वि. सं. १५१७ (इ. स. १४६०) मध्यें पुरी केली. तिच्या बहुतेक शिला नष्ट झाल्या आहेत. पुष्कळ श्लोक पूर्वीं केलेल्या हस्तलिखित नकलेमुळेंच वांचले. कुंभानें आपल्या नाटकांत कर्णाटी, मेवाडी व महाराष्ट्री भाषा योजिल्याचा उल्लेख याच प्रशस्तींत आहे; तेव्हां महाराष्ट्रीयांसही ती परकी नाहीं.

दुसरें, वास्तूची साक्ष. सुमारें १२२ फूट उंचीचा हा स्तंभ विष्णूस अर्पण केलेला आहे. आंतील जिन्यानें चढतांना देवदेवतांच्या मूर्ति व त्यांखालीं कोरलेलीं नांवें आढळतात. तो मूर्तिशास्त्राचा पाषाणमय कोशच होय. सूत्रधार जइता व त्याचे पुत्र यांचीं नांवेंही तेथें आहेत. तिसऱ्या मजल्यावर अरबी लिपींत 'अल्ला' हें नांव कोरलें आहे. सुलतानाच्या पराभवाचें स्मारक म्हणणारांनीं याची संगति लावली पाहिजे.

आतां प्रतिपक्ष पाहूं. प्रशस्तींत कुंभाच्या विजयांची स्तुति आहे, हें आम्हांस मान्य आहे. परंतु राजाचे पराक्रम वर्णिणें हा प्रशस्तीचा धर्मच होय. तेवढ्यावरून वास्तूचा हेतु सिद्ध होत नाहीं. शिवाय महमुदानेंही मेवाडवरील आपल्या जयाचें स्मारक म्हणून इ. स. १४४३ मध्यें मांडू येथें सातमजली मनोरा बांधला. आज त्याचा तळच उरला आहे. दोन्ही पक्ष जय सांगत असतां, एकाचें म्हणणें न तपासतां घ्यावें व दुसऱ्याचें टाकावें, याला इतिहास म्हणतां येत नाहीं.

या नामांतरानें प्रत्यक्ष घोटाळाही झाला आहे. गडावर आदिनाथास अर्पण केलेला याहून जुना जैन स्तंभ आहे. जीजा नामक श्रावकाचें नांव त्याशीं निगडित आहे. आज 'कीर्तिस्तंभ' म्हटल्यास लोक तोच समजतात. त्यामुळें जुन्या कागदांत 'चितोडचा कीर्तिस्तंभ' आढळल्यास कुंभाचा लेख जैनांकडे किंवा जैनांचा कुंभाकडे जाण्याची भीति आहे. म्हणून 'कुंभाचा कीर्तिस्तंभ' व 'जैन कीर्तिस्तंभ' अशीं नांवें योजावीं, असें आम्ही सुचवितों.

संग्राहकांस एवढीच विनंति, कीं राजस्थानांतील प्रशस्तींच्या नकला दप्तरांत आढळल्यास त्या सामान्य स्तोत्रें समजून बाजूस सारूं नयेत. शिला फुटल्यावर कुंभाचे शब्द कागदानेंच राखले आहेत.