युनियन जिंकली, मग पगार का नाही वाढला?

रिसर्च प्रपोजलमध्ये 'युनियनमुळे पगार वाढतो' असं एका ओळीत लिहून पुढे जाणार असाल, तर आधी जॉन डिनार्डो आणि डेव्हिड ली यांचा 2004 चा पेपर वाचा.

अडचण तुम्हाला माहीतच आहे. युनियन मुळातच नफ्यातल्या कंपन्यांत उभी राहत असेल, तर तिथल्या चांगल्या पगाराचं श्रेय तिला कसं द्यायचं? या दोघांनी अमेरिकेतल्या युनियन निवडणुकांचा डेटा घेतला. जिथे युनियन काठावर जिंकली आणि जिथे काठावर हरली, त्या कंपन्या बाकी बाबतीत जवळपास सारख्याच. त्यांची तुलना केली, तर पगारावरचा परिणाम निघाला जवळजवळ शून्य.

पद्धत देखणी आहे, वादच नाही. पण त्यावरून 'युनियनचा उपयोग नाही' असं म्हणायला मी तयार नाही. कारणं तीन.

एक, 51 टक्के मतांची युनियन म्हणजे निम्मे कामगार सोबत नसलेली युनियन. 80 टक्केवाली मालकासमोर वेगळ्याच जोरात बसते. तिच्याबद्दल हा आकडा काही सांगत नाही.

दोन, तिथला कायदा मालकाला वाटाघाटीला बसवतो, करारावर सही करायला लावत नाही. निवडणूक जिंकली म्हणजे करार झाला असं नाही.

तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं: सरासरी. तळाच्या कामगाराचा पगार वाढला आणि वरच्याचा अडला, तरी सरासरी जागची हलत नाही. डेव्हिड कार्ड यांनी 1996 मध्ये कौशल्यानुसार पाच गट वेगळे करून पाहिलं, तेव्हा कमी कौशल्याच्या कामगारांना युनियनचा फायदा जास्त दिसला.

आता तुमच्यापैकी कोणीतरी म्हणेल, महाराष्ट्राच्या 1971 च्या कायद्यात युनियनच्या मान्यतेसाठी 30 टक्के सदस्यत्वाची अट आहे, तिथे हीच पद्धत लावू. थांबा! गुप्त मतदानात नेमकी किती मतं पडणार हे कोणाच्या हातात नसतं. सदस्यत्वाच्या पावत्या मात्र आकडा 30 च्या वर जाईपर्यंत फाडता येतात. मग 29 आणि 31 टक्केवाले सारखे उरतच नाहीत.

म्हणून प्रपोजल लिहिताना आधी दोन गोष्टी कागदावर मांडा: तुमचा आकडा नेमक्या कोणत्या कामगाराचा, आणि कोणत्या युनियनचा. पद्धत त्यानंतर निवडा.