हिशेबाबाहेरचे बालपण

गाव सोडून शहराकडे निघालेल्या कुटुंबातील मूल काय करते, असे विचारले असता ‘आईबापांना हातभार लावते’ हे उत्तर मराठीत सहज येते. हा शब्द प्रेमळ आहे. म्हणूनच त्याची चिकित्सा अवश्य आहे.

हैदराबादच्या आसपासच्या वीटभट्ट्यांवर ओडिशातील बलांगीर भागातून कुटुंबे येतात. हंगामापूर्वीच उचल घेतलेली असते. मजुरी हजार विटांमागे ठरते. विटा उलटविणाऱ्या मुलाचे श्रम त्या हजारांत मिसळून जातात, पण हिशेब मांडला जातो तो बापाच्या नावे. बीडकडील ऊसतोडीत नवराबायकोच्या जोडीस ‘कोयता’ म्हणतात व मजुरी टनावर मिळते. तेथेही भावंडे सांभाळणारी पोर हिशेबाबाहेरच राहते.

ही सुटलेली नोंद मराठी आत्मकथनांनी केली, हे त्यांचे मोठे वाङ्मयीन कार्य होय. दया पवारांच्या ‘बलुतं’मधील (१९७८) बालपण खेडे आणि मुंबईचा कावाखाना यांत विभागलेले आहे, लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’त (१९८०) गाढवांवर संसार लादून हिंडणारे बिऱ्हाड आहे, पूर्वीच्या हैदराबाद संस्थानात मोडणाऱ्या लातूर भागातील लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’त (१९८७) पोरांना मार सोसण्याचीच तालीम मिळते. येथे मूल करुणेचा विषय न राहता साक्षीदार होते.

तथापि, या ग्रंथांच्या आस्वादात एक गफलत संभवते. कष्टांनीच लेखक घडविला, असे आपण कौतुकाने म्हणतो. नारायण सुर्वे पोरवयात राबले, शाळेत शिपाई झाले, पुढे शिक्षक झाले; ‘माझे विद्यापीठ’ (१९६६) हे नाव देण्याचा अधिकार त्यांनी स्वतः मिळविला होता. तो अधिकार वाचकाने उसना घेऊ नये. ज्याच्या हाती पाटी आली तोच लिहू शकला. ज्यांच्या हाती ती आली नाही, त्यांचे आत्मकथन कोणत्याही ग्रंथालयात नाही. वाचलेल्यांच्या साक्षीवरून न वाचलेल्यांचे भवितव्य ठरविणे हा तर्कदोष आहे.

शांता सिन्हा आणि त्यांच्या एम. व्ही. फाउंडेशनने १९९१ पासून हैदराबादलगतच्या रंगारेड्डी जिल्ह्यात केलेल्या कार्याचा सिद्धान्त येथे समीक्षेसही उपयोगी पडतो: शाळेबाहेरचे प्रत्येक मूल बालमजूरच होय. या व्याख्येपुढे ‘हातभार’ टिकत नाही. उलट २०१६ च्या कायदादुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांच्या नोकरीस सर्वत्र बंदी केली खरी, परंतु शाळेच्या वेळेनंतर व सुटीत, धोकादायक नसलेल्या घरच्या व्यवसायात ‘मदत’ करण्याची मुभा ठेवली. ज्या शब्दाआड श्रम लपतात, तोच शब्द कायद्याच्या भाषेत शिरला.

म्हणून ही आत्मकथने वर्गात शिकविताना नायकाच्या यशापाशी थांबणे पुरेसे नाही. त्याच्याबरोबर पालावर, भट्टीवर, फुटपाथवर राहिलेली आणि पुढे कथेतून नाहीशी झालेली मुले कोठे गेली, हा प्रश्न शिक्षकाने विद्यार्थ्यांपुढे ठेवावा.