‘कर्वे’ हा शब्द पडद्यावर कसा येतो?

डिझाइनमध्ये पीएचडी करायची म्हणून तयारी करणारी मुलं-मुली मला आपले प्रस्ताव वाचायला पाठवतात. मोशन ग्राफिक्स आणि टायपोग्राफी हा विषय असला की दुसऱ्या-तिसऱ्या पानावर ‘माझ्या प्रेरणा’ नावाचा भाग हमखास असतो. त्यात सॉल बास असतो, ‘सायको’ (१९६०) असतो, दूरदर्शनचं बोधचिन्ह असतं, आर. के. जोशी असतात. चित्रं सुंदर लावलेली असतात. आणि प्रत्येकाखाली एकच वाक्य, शब्द थोडे इकडे-तिकडे करून: हे मला फार भावलं. माझी तक्रार या वाक्याबद्दल आहे. भावणं चुकीचं नाही हो, पण भावलं तर नेमकं काय भावलं, आणि ते आपल्या लिपीत आणलं की काय होतं, इथून संशोधन सुरू होतं. ते नसेल तर ते पान म्हणजे भिंतीवर चिकटवलेली कात्रणं.

एक उदाहरण नीट बघू. ‘सायको’च्या श्रेयनामावलीत सॉल बासने पडद्यावर आडव्या-उभ्या पट्ट्या सरकवल्या. अक्षरं मधूनच कापली जातात, तुकडे बाजूला सरकतात, पुन्हा जुळतात. चित्रपटातल्या दुभंगलेल्या माणसाशी ते जुळतं, वगैरे सगळं आपण वाचलेलं असतं. पण हे जमतं कशामुळे? रोमन मोठी अक्षरं सुटी उभी असतात, एका उंचीची असतात. आडवी कापली तरी तुकडा डोळ्याला ओळखता येतो. शिवाय रोमन ओळीच्या वरच्या अर्ध्या भागात ओळख जास्त असते, खालचा अर्धा झाकला तरी बऱ्यापैकी वाचता येतं, हे तर फार जुनं निरीक्षण आहे.

आता हीच पट्टी देवनागरीवर फिरवा. कागद घ्या, आमच्या दापोली तालुक्यातली गावं मोठ्या अक्षरात लिहा आणि शिरोरेषेच्या वरचा भाग दुसऱ्या कागदाने झाकून टाका. ‘दापोली’चं ‘दापाला’ होतं. ‘हर्णै’चं ‘हण’. ‘आंजर्ले’चं ‘आजल’. ‘केळशी’चं ‘कळशा’. आणि ‘मुरुड’ मात्र मुरुडच राहतं, कारण त्याच्या डोक्यावर काहीच नाही! आता खालची बाजू झाका. ‘मु’चा उकार गेला, पण ‘रु’चा उकार राहिला, कारण तो खाली लोंबत नाही, ‘र’च्या पोटाशी चिकटतो. म्हणजे ‘मरुड’. तीन अक्षरांच्या गावात एकच ऱ्हस्व उकार दोन वेगळ्या जागी बसतो. ‘उकार खालून उगवतो’ असा नियम करून हालचाल ठरवली तर तो दुसऱ्याच अक्षराला मोडतो. (सांगून ठेवते, हे रत्नागिरी जिल्ह्यातलं मुरुड. जंजिऱ्याचं मुरुड रायगडात. पर्यटकांची रोजची गल्लत.)

रोमनमध्ये पट्टीने कापलं तर अक्षर जखमी होतं. आपल्याकडे ते दुसरंच अक्षर होतं. म्हणजे सॉल बासची युक्ती उचलली तर परिणाम तोच मिळत नाही, वेगळाच मिळतो, आणि कदाचित जास्त रंजक. प्रस्तावात हे वाक्य असतं तर मी पान उलटून पुढे नक्की वाचलं असतं.

दूरदर्शनचं बोधचिन्ह तर आपल्या वाचकांसाठी मुद्दाम महत्त्वाचं, कारण ते एका विद्यार्थ्याचं काम. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत शिकणाऱ्या देवाशीष भट्टाचार्य यांनी १९७०च्या दशकात ते रेखाटलं. मधलं वर्तुळ आणि त्याला वेढणाऱ्या दोन वक्ररेषा फिरत-फिरत येतात आणि डोळा होतो. वर्षानुवर्षं आपण ते पाहिलं. पण लक्षात घ्या, त्या आकारात अक्षर नाही. वक्ररेषा कुठूनही आली, कितीही फिरली तरी तिचा अर्थ बदलत नाही. त्यामुळे ‘दूरदर्शनच्या बोधचिन्हावरून देवनागरी मोशनची प्रेरणा घेतली’ असं कोणी लिहिलं की मी समासात प्रश्नचिन्ह काढते. गती शिकता येईल, लय शिकता येईल. लिपीचा प्रश्न तिथे उभाच राहत नाही.

तो कुठे उभा राहतो ते सांगते. मुरुडशी नातं असलेलं सर्वांत मोठं नाव म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्वे. शाळकरी वयात परीक्षेसाठी ते मुरुडहून सातारपर्यंत पायी गेले आणि लहान दिसता म्हणून तिथे त्यांना परीक्षेला बसूच दिलं नाही. समजा या चालण्यावर एक छोटी फिल्म करायची आहे आणि शीर्षक आहे फक्त ‘कर्वे’. सगळ्यात सोपा मार्ग कोणता? टाइप होत गेल्यासारखं एकेक अक्षर उमटवणं. करून बघा. आधी ‘क’ येतो. मग ‘कर’. मग ‘कर्’. मग ‘व’ आला की अख्खा उभा असलेला ‘र’ अचानक नाहीसा होऊन ‘व’च्या डोक्यावर रफार होऊन बसतो. शेवटी मात्रा. प्रेक्षक क्षणभर ‘कर’ वाचतो, जे त्या नावात नाहीच!

असं का होतं? युनिकोडमध्ये मजकूर उच्चाराच्या क्रमाने साठवतात, दिसण्याच्या क्रमाने नाही. म्हणूनच ‘चिपळूण’ टाइप करताना ‘च’ आधी येतो आणि वेलांटी मागाहून येऊन त्याच्या पुढ्यात बसते. जुन्या रेमिंग्टन टंकलेखन यंत्रावर उलट होतं, तिथे पहिली वेलांटी आधी मारायची. हाताने लिहिताना आणखी तिसराच क्रम: बहुतेकांना शाळेत शब्द पुरा झाल्यावर शिरोरेषा ओढायला शिकवलेलं असतं. साठवण्याचा, छापण्याचा आणि हाताचा, असे तीन क्रम झाले. आणि वाचणाऱ्याच्या डोळ्याचा क्रम? तो चौथा असू शकतो. हलत्या देवनागरीने यातला कोणता पाळावा, हा प्रश्न मला ‘भावलं’पेक्षा शंभरपट मोलाचा वाटतो. तो तपासता येतो. माणसांसमोर चार प्रकारे शब्द उमटवा, वाचायला लागलेला वेळ मोजा, चुका मोजा.

आर. के. जोशींकडे या नजरेने बघायला हवं. प्रस्तावांत त्यांचं सुलेखन छापलेलं असतं, आणि ते देखणं आहेच. पण याच माणसाने विंडोजसाठी ‘मंगल’ हा देवनागरी फाँट केला. संगणकाच्या फाँटमध्ये मात्रा कुठे बसेल, रफार कुठे जाईल, कोणतं जोडाक्षर कसं जुळेल हे सगळं नियम म्हणून लिहावं लागतं. मनगटातलं ज्ञान नियमात उतरवणं, ही खरी शिकण्याची गोष्ट. ‘मंगल’ दिसायला काही फार मोहक नाही, माझं मत विचाराल तर पडद्यावर तो जरा कोरडाच वाटतो. पण संशोधकाने मोहक कामावर थांबू नये.

तसंच एक टाइपच्या ‘मोदक’चं. इतकी जाडजूड अक्षरं की आतली पोकळी जेमतेम उरते. पोस्टरवर मजा येते. तीच अक्षरं हलवली की ती पोकळी किती वेगापर्यंत टिकते? मला माहितीतल्या एकाही प्रस्तावात हे विचारलेलं दिसलं नाही. फोटो मात्र सगळ्यांकडे.

मागे जायचं असेल तर बापूराव नाईकांचा ‘टायपोग्राफी ऑफ देवनागरी’ हा १९७१चा तीन खंडांचा ग्रंथ ग्रंथालयातून मिळवा. खिळे जुळवणाऱ्या माणसाला मात्रा, रफार आणि जोडाक्षरांसाठी किती वेगवेगळे खिळे सांभाळावे लागत हे कळलं की आजच्या सॉफ्टवेअरमधल्या ‘अक्षरागणिक हालचाल’ या बटणाकडे तुम्ही संशयाने बघाल. त्या बटणाच्या लेखी अक्षर म्हणजे नेमकं काय? ‘र्वे’ हे एक, दोन, की चार? सॉफ्टवेअर बदललं, त्याची आवृत्ती बदलली की उत्तर बदलतं. कुठे जोडाक्षर शाबूत राहतं, कुठे मोडतं. मग मुलं कंटाळून अक्षरांचे आकार करून घेतात आणि हाताने हलवतात. तेव्हा शिरोरेषा तुटते, दोन तुकडे एकमेकांवर चढतात, आणि ती फट झाकायला वर आणखी एक रेघ येते. ही रेघ कोणी, कधी, कुठल्या फ्रेमवर टाकली याची नोंद ठेवा. तुमच्या पहिल्या प्रकरणाचा कच्चा माल तिथेच आहे, आणि तो कुठल्याही मूडबोर्डवर सापडणार नाही.